पडद्यापलीकडची मंडळी

श्रोते हो, भूकंपावर शास्त्रज्ञांची परिषद भरली आहे असे समजा. काही विद्वान सभागृहात, बाकीचे आपापल्या घरून पडद्यावर. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हापासून अशा परिषदा नित्याच्या झाल्या. प्रवासखर्च नाही, तेव्हा आपल्या लोहारा तालुक्यातल्या सास्तूरच्या गुरुजींनाही तिथे बसता येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जमीन हलली ती तिथल्या लोकांच्या पायाखाली. त्यांच्याजवळ सांगण्यासारखे आहे, विचारण्यासारखेही आहे. पण त्यांना बोलू कोण देतो?

मीही एकदा असा घरून बसलो होतो. वक्ते बोलता बोलता ध्वनिक्षेपक सोडून फळ्याकडे गेले. सभागृहात हशा पिकला, तो कशाचा ते आम्हांला कळेना. माझा प्रश्न लिहून पाठवला, तो 'वेळ संपली' म्हणून तसाच राहिला. लग्नाला बोलावून मांडवाबाहेर बसवावे, तशी गत!

यावरचा तोडगा आपल्याकडे जुनाच आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली दीडशे गावे त्यात होती. आपला जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात, म्हणून आपण बाहेर राहिलो. गावातली वीसेक माणसे रेडिओभोवती बसत. अर्धा तास ऐकायचे, मग आपसांत बोलायचे. जे अडेल ते लिहून पुण्याला जाई, आणि त्याचे उत्तर पुढे रेडिओवरून येई. टाटा समाजविज्ञान संस्थेने याची पाहणी केली. (तिचे एक केंद्र आज आपल्या तुळजापुरात आहे.) नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा चर्चा करणाऱ्या गावांची माहिती पुष्कळच अधिक वाढली, असे तिला आढळले.

तेव्हा शिक्षकबंधुभगिनींनो, परिषदेला एकट्याने मोबाईल घेऊन बसू नका. शाळेच्या एका खोलीत दहाजण जमवा. चित्र अडखळू लागले तर चित्र बंद करा, आवाज राखा. व्याख्यान झाले की आधी आपसांत बोला, आणि दोनच नेमके प्रश्न पाठवा.

परिषद भरवणाऱ्यांनीही विषयाचा मराठी सारांश दोन दिवस आधी धाडावा. पडद्यावरचा तक्ता वक्त्याने वाचून दाखवावा. आणि पहिला प्रश्न दूरच्या माणसाचा घ्यावा; सभागृहातल्यांना काय, चहाच्या वेळीही विचारता येते. मध्येच वीज गेली तर ध्वनिमुद्रण मागून घ्या. त्यात संकोच कसला?