दोष हाताचा की गजाचा?

स्त्रिया आणि तंत्रज्ञान या विषयावर मी बोलावं, असं तुम्ही सांगितलंत. मी आज लोखंडाच्या गजाबद्दल बोलणार आहे. माझं शिक्षण समाजकार्याचं. गजाशी माझी गाठ पडली ती आमच्या वस्तीतल्या भरतकामाच्या गटामुळे.

साडीवर नक्षी उतरवायची तर आधी कागदावर बारीक भोकं टोचून छापा करावा लागतो. त्यावरून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ फिरवली की नक्षी कापडावर उमटते. हे छापे आपणच करावेत, म्हणून गटाने बचतीच्या पैशातून यंत्र जुळवलं. दोन आडव्या गजांवर एक गाडा सरकतो, त्यावर मोटर आणि सुई. संगणक सांगेल तिथे सुई टोचते.

यंत्र चाललं, पण कडेला भोकं पडेनात आणि मधोमध कागद फाटायचा. लगेच घराघरांतून ऐकू आलं, "बायकांना यंत्र झेपत नाही." यंत्र चालवणारी आमची ताईही म्हणाली, "माझाच हात वाईट." दोष स्वतःवर घ्यायला आपण किती तयार असतो!

आम्ही ठरवलं, आधी मोजू. गाडा दोन किलोचा, म्हणजे प्रत्येक गजावर एक किलो. गज ८ मिमी जाडीचे, आधारांमधलं अंतर ६०० मिमी. एक गज तेवढ्याच अंतरावर दोन विटांवर ठेवला, मधोमध किलोचं वजन टांगलं आणि आधीची व नंतरची उंची मोजली. मिलिमीटरहून थोडा जास्तच झोळ! गाडा मध्यावर आला की सुई तेवढी खोल जात होती. ताईचा हात त्यात कुठेच नव्हता.

आम्ही दुकानात गेलो. दुकानदार आमच्याऐवजी सोबत आलेल्या पोराशीच बोलत होता. म्हणाला, "कडक केलेला महागातला गज न्या, वाकणार नाही." हे खरं नाही. पोलाद साधं असो की कडक केलेलं, वजनाखाली ते जवळपास सारखंच वाकतं. कडक गजावर बेअरिंगच्या गोळ्यांनी चरे पडत नाहीत, म्हणून तो घ्यावा. झोळ त्याने कमी होत नाही.

झोळ ठरतो जाडी आणि लांबीवर. जाडी दीडपट केली की गज पाचपट ताठ होतो. म्हणजे ८ ऐवजी १२ मिमीचा गज घेतला, तर आमचा १.१ मिमीचा झोळ ०.२ मिमीवर येतो. आधारांमधलं अंतर निम्मं केलं तर झोळ आठवा हिस्सा उरतो. पण जाड गजाचं वजनही सव्वादोन पट होतं. गज स्वतः जागेवर स्थिर असेल तर हरकत नाही. तोच सरकणार असेल तर मोटरवर ताण येतो. लांबी कमी करता येत नसेल, तर खालून सलग आधार असलेला गज मिळतो, तो घ्यावा.

आम्ही १२ मिमीचे गज घातले. बेअरिंगं आणि टोकाचे आधारही बदलावे लागले. तो खर्च पुन्हा बचतीतूनच गेला. माहिती आपल्यापर्यंत पोचत नाही, तेव्हा किंमत अशी आपणच मोजतो.

आता छापे कडेपासून कडेपर्यंत सारखे येतात. आणि दुकानात ताईच विचारते: लांबी किती, वजन किती, जाडी किती?

मैत्रिणींनो, उद्या तुमच्या गटात पिठाची चक्की येईल, शेवयांचं यंत्र येईल. ते बिघडलं आणि कुणी बाईच्या हाताकडे बोट दाखवलं, तर मान खाली घालू नका. दोन विटा आणि किलोचं वजन घ्या. आधी मोजा, मग बोला.