बोली आणि भिडू

ठाणें, कल्याण, डोंबिवली येथून मुंबईस जाणाऱ्या लोकलमध्यें गुडघ्यांवर पिशवी ठेवून मांडलेला पत्त्यांचा डाव सर्वांच्या परिचयाचा आहे. मार्च २०२० मध्यें लोकल बंद पडल्या. त्या दिवसांत जगभरचे ब्रिजप्रेमी संगणकावर ‘ब्रिज बेस ऑनलाइन’ येथें जमूं लागले. तेथें भिडूचा चेहरा दिसत नाहीं. दिसते ती केवळ त्याची बोली.

ब्रिजमध्यें आपल्या पानांची खबर बोलीनेंच द्यावयाची. सुरानें वा खुणेनें देणें नियमबाह्य होय. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २ आणि गुलामाचा १, असे बावन पानांत ४० गुण. ‘चार इस्पिक’ बोलून दहा हात करण्यास दोघांचे मिळून सुमारें २५ गुण हवेत, हा ठोकताळा. परंतु बेरीज म्हणजे विवेक नव्हे. भिडूनें ‘एक इस्पिक’ म्हटलें, आणि आपल्याजवळ इस्पिकचीं चार व चौकटचें एकच पान असलें, तर ८ गुणांचीं पानें ११ गुणांच्या मोलाचीं ठरतात. कारण चौकटचा दुसरा हात हुकूम मारून घेतां येतो.

डाव बुडाला, कीं थट्टा आलीच. “राणी काय लग्नासाठीं राखून ठेवली होती?” या टोल्यानें समोरासमोर हंशा पिकतो, पडद्यावर तींच अक्षरें बोंचतात, कारण त्यांबरोबर हंसू जात नाहीं. दुखावलेला भिडू पुढच्या डावांत चाराच्या जागीं दोनांवरच थांबतो. भिडूचा धीर खचविणारी थट्टा शेवटीं आपलाच डाव बुडविते.