यंत्राचे पुस्तक आणि कामगाराचा हात



विमानांवर बोलायला खरे तर एखादा इंजिनियर बोलवायला हवा होता. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण पाळी सुटल्यावर वाचनालयात, शब्दकोश मांडीवर घेऊन झाले. पण रात्री विमान जमिनीवर उभे असते तेव्हा त्याच्याखाली जो माणूस पाना घेऊन काम करतो, त्याच्याविषयी बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे असे मी समजतो. या माणसाला प्रत्येक कामासाठी पुस्तक दिलेले असते. कोणता बोल्ट, किती आवळायचा, आधी काय सोडायचे, सारे त्यात छापलेले. अपघात झाला की पहिला प्रश्न येतो : पुस्तकाप्रमाणे केलेस का? या प्रश्नाचीच आज थोडी तपासणी करू.

१० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचे एक विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागाला निघाले. १७,३०० फुटांवर कॅप्टनच्या समोरची काच निखळून गेली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. विमानातल्या सेवकांनी त्याचे पाय धरून ठेवले. सहवैमानिक ॲलिस्टर ॲचिसन याने विमान साउदॅम्प्टनला उतरवले. कॅप्टनसह ८७ च्या ८७ माणसे वाचली.

काच बसवली होती उड्डाणापूर्वी २७ तास, रात्रपाळीत. माणसे कमी, म्हणून पाळीप्रमुखाने काम स्वतःच्या अंगावर घेतले. त्याने जुना बोल्ट हातात घेतला आणि तसेच बोल्ट शोधायला निघाला. स्टोअरकीपर म्हणाला, या काचेला दुसऱ्या नंबरचा बोल्ट लागतो. स्टोअरकीपरचे म्हणणे बरोबर होते! पण जुने बोल्ट त्याच जागी चार वर्षे टिकले होते, मग या माणसाने ते का ऐकावे? ते जुने बोल्टही मुळात आखूड होते, कोणी तरी आधी चुकलेलेच होते. हवे तेवढे बोल्ट तिथे नव्हते. तो दुसऱ्या स्टोअरवर गेला आणि अपुऱ्या उजेडात नजरेने व बोटाने जुळवून बोल्ट घेतले. काचेला लागतात ९० बोल्ट. त्यांतले ८४ जाडीला कमी निघाले. किती कमी? एका इंचाचे हजार भाग केले तर त्यांतले २६. ज्याने लेथवर काम केले आहे त्याला विचारा, ही किती मोठी चूक आहे. आणि पहाटे चार वाजता ती डोळ्याला किती लहान दिसते.

इथे पुस्तक बरोबर होते, माणूस चुकला. तरी एक प्रश्न राहतोच. या कामानंतर दुसऱ्या कोणी तपासावे असा नियमच नव्हता. तो पुस्तक लिहिणाऱ्यांनी का केला नाही?

आता याच्या उलट हकिकत ऐका. २६ ऑगस्ट २००३, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातले हायॅनिस. बीच १९००डी जातीचे छोटे विमान, आत फक्त दोन वैमानिक. विमानाचे नाक वर-खाली समतोल ठेवणारी शेपटाकडची एक पट्टी असते. वैमानिकाने चाक फिरवले की तारेच्या दोरातून ती हलते. हा दोर नुकताच बदललेला होता आणि त्यानंतरचे हे पहिलेच उड्डाण. विमान उठले ते नाक खाली घालू लागले. वैमानिकांनी नाक वर करायला चाक फिरवावे, तर ते आणखी खाली. काही मिनिटांत विमान समुद्रात पडले, दोघेही मेले. दोर उलटा बसला होता. चौकशीत निघाले की, ज्या गोल ड्रमवर तो दोर गुंडाळतात, त्याचे पुस्तकातले चित्रच उलट्या बाजूने काढलेले होते.

कामगारांची चूक नव्हती असे मी म्हणणार नाही. एकाने आत चाक फिरवायचे, दुसऱ्याने शेपटापाशी उभे राहून पट्टी कुठे वळते ते पाहायचे, एवढ्याने ती कळली असती. ही तपासणी नीट झाली नाही. वैमानिकांनीही उड्डाणापूर्वीची आपली यादी पुरी केली नाही. चौकशी मंडळाने दोराची चुकीची बसवणी आणि अपुरी तपासणी मुख्य कारणात घातली. वैमानिकांची चूक आणि चुकीचे चित्र मात्र ‘हातभार लावणारी कारणे’ म्हणून मागे बसली. ज्याने ते चित्र काढले तो त्या रात्री घरी झोपला असेल.

अमेरिकेत १९७६ पासून एक व्यवस्था आहे. विमानाच्या कामातल्या माणसाला आपली किंवा पुस्तकाची चूक नासा या संस्थेला कळवता येते, आणि त्याचे नाव गुप्त राहते. मला ही गोष्ट विमानाइतकीच मोठी वाटते.

याचे कारण माझ्याच आयुष्यात आहे. मी ज्या कारखान्यात होतो तिथे प्रेसवर एका पोराची दोन बोटे गेली. चौकशीत लिहिले, ‘पुस्तकातील सूचनांचे पालन केले नाही.’ पुस्तक इंग्रजीत होते, आणि साहेबाच्या कपाटात कुलूपबंद. ते मिळवायला आम्हाला तीन महिने लागले. वाचून पाहिले तर ते त्या प्रेसचे नव्हतेच, जुन्या मॉडेलचे होते. पुढच्या करारात आम्ही मागणी घातली : प्रत्येक यंत्रापाशी त्याचेच पुस्तक, मराठीत, आणि चूक आढळल्यास लिहायला शेवटी कोरी पाने. पगारवाढीवर व्यवस्थापन दोन बैठकांत तयार झाले. या कोऱ्या पानांसाठी आम्हाला सहा बैठका बसावे लागले.