बेडकाचें उसनें विष

मृगाच्या सरी कोसळूं लागल्या कीं घराच्या पायरीशीं किंवा मोरीच्या ओलाव्याला एखादा स्थूल, खडबडीत अंगाचा भेक येऊन बसतो. घरचें कुत्रें कुतूहलानें त्याला तोंडांत धरतें आणि दुसऱ्याच क्षणीं टाकून देऊन, तोंडाला फेंस आणीत अंगणभर धांवत सुटतें. भेकाच्या डोळ्यांमागें दोन फुगीर ग्रंथि असतात. त्या दाबल्या गेल्या म्हणजे दुधासारखा पांढरा, चिकट रस बाहेर येतो. हा प्राणी पळण्यांत मंद. त्याला दांत नाहींत, नखें नाहींत. त्याचें सारें संरक्षण कातडीवर सोंपविलेलें आहे. ह्या रसांतील द्रव्यें शत्रूच्या हृदयावर आघात करतात. पेशींतून सोडियम बाहेर टाकणारी यंत्रणा तीं बंद पाडतात, पेशींत कॅल्शियम सांचतें, आणि हृदयाचे ठोके आधीं जोरदार व मग अनियमित पडूं लागतात. हृदयविकारावर पूर्वापार दिलें जाणारें डिजिटॅलिस हें औषधही ह्याच मार्गानें काम करतें. विष आणि औषध ह्यांतील अंतर पुष्कळदां केवळ मात्रेचें असतें.

भेक हें विष स्वतःच्या शरीरांत निर्माण करतो. दक्षिण अमेरिकेंतील चिमुकल्या, रंगीत बेडकांची गोष्ट मात्र निराळी आहे. इक्वाडोर देशाच्या नैर्ऋत्य भागांत अंगठ्याच्या पेराएवढा, तपकिरी अंगावर फिकट पट्टे असलेला एक बेडूक राहतो. सन १९७४ मध्यें जॉन डॅली हे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ त्याच्या शोधांत तेथें गेले. विषारी बेडूक ओळखण्याची डॅली ह्यांची एक युक्ति होती: बेडकाला बोट लावावयाचें आणि तें जिभेला लावून पाहावयाचें. जीभ चुरचुरली कीं बेडूक कामाचा! ज्याला कोणता बेडूक टाळावा हें पक्कें ठाऊक आहे त्यालाच असलें धाडस शोभतें. इतरांनीं त्याच्या वाटेस न जाणें बरें.

त्या बेडकाच्या कातडीचा अर्क उंदराला टोंचतांच उंदराची शेपटी ताठ होऊन पाठीवर कमानीसारखी वळली. मॉर्फीन दिलेल्या उंदराचें हेंच लक्षण. परंतु मॉर्फीनचा परिणाम उतरविणारें औषध ह्या द्रव्यापुढें निष्प्रभ ठरलें. म्हणजे वेदना शमविण्याची ही वाट अगदीं वेगळी होती. सन १९७६ मध्यें डॅली पुन्हा इक्वाडोरला गेले. ७५० बेडकांच्या कातड्यांतून शुद्ध द्रव्य हातीं आलें तें एक मिलिग्रॅमहूनही कमी! तेवढ्यावरून रेणूची रचना उलगडण्याइतकीं सूक्ष्म उपकरणें त्या काळीं नव्हतीं. घाईनें प्रयोग करावेत तर होतें नव्हतें तेंही संपणार. डॅली ह्यांनीं तो कण शीतपेटींत जपून ठेवला आणि दहा वर्षांहून अधिक काळ वाट पाहिली. शास्त्रांत धीर हेंही एक उपकरण आहे, आणि तें विकत मिळत नाहीं.

दरम्यान ह्या बेडकांना आंतरराष्ट्रीय कराराचें संरक्षण मिळालें. तेव्हां ते पेटींत पाळून वाढविले तर काय होतें हें पाहण्यांत आलें. रंग तोच, पट्टे तेच; पण विषाचा मागमूसही नाहीं! ह्या कुळांतील बेडूक विष घडवीत नाहींत. जंगलांतील मुंग्या, माइट आणि इतर बारीक कीटक खाऊन तें अंगांत सांठवितात. पेटींत वाढलेल्या बेडकांना अशीं द्रव्यें लावलेल्या माशा खाऊं घातल्या, तेव्हां तीं त्यांच्याही कातडींत उतरलेलीं आढळलीं. जंगल तोडून बेडूक तेवढा वांचविला तर त्याची कातडी वांचेल, तींतील द्रव्य वांचणार नाहीं.

अखेर सन १९९२ मध्यें डॅली ह्यांच्या मंडळींनीं त्या रेणूची रचना प्रसिद्ध केली. त्याचें नांव एपिबॅटिडीन. उंदरावरील प्रयोगांत तें मॉर्फीनच्या सुमारें २०० पट प्रभावी ठरलें. तंबाखूंतील निकोटीन मज्जातंतूंच्या ज्या ग्राहकांवर जाऊन बसतें, त्यांवरच हेंही बसतें. रचना कळल्यावर रसायनशास्त्रज्ञांनीं तें प्रयोगशाळेंत बनविलें आणि बेडकांचा जीव घेण्याचें कारण उरलें नाहीं. परंतु वेदना शमविणारी मात्रा आणि प्राण घेणारी मात्रा ह्या इतक्या जवळ निघाल्या कीं रोग्याला तें देण्याची सोय नव्हती. त्याच्या धर्तीवर बनविलेलें टेबॅनिक्लिन हें सौम्य द्रव्य माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोंचलें. वेदना त्यानें कमी झाल्या, पण मळमळ व चक्कर ह्यांमुळें तें सोडून द्यावें लागलें.

मग एवढें जहर अंगावर बाळगणारा बेडूक स्वतः कसा जगतो? त्याचें उत्तर सन २०१७ मध्यें मिळालें. त्याच्या मज्जातंतूंच्या ग्राहकांतील एक अमिनो आम्ल बदललेलें आहे. त्या बदलामुळें एपिबॅटिडीन तेथें नीट बसत नाहीं, आणि मज्जातंतूंचें रोजचें काम चालविणारा शरीराचा स्वतःचा दूत, अॅसिटिलकोलीन, हाही त्यानें कमी बसूं लागतो, पण आणखी कांहीं अमिनो आम्लें बदललेलीं असल्यानें त्याचें काम सुरळीत चालतें.