नाव नापास करू नका



परीक्षेच्या अर्जापासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत बरीच कामं आता मोबाइलवरच्या फॉर्मातून होतात. अर्ज पाहून 'इथे चुकलंय हो' असं सांगणारा कारकून तिथे नसतो. त्याचं काम प्रोग्रामरने लिहिलेले नियम करतात.

काही रकान्यांत हे नियम काटेकोरच हवेत. पॅन क्रमांकात आधी पाच इंग्रजी अक्षरं, मग चार अंक, शेवटी एक अक्षर. आधारच्या १२ अंकांतला शेवटचा अंक तर आधीच्या ११ अंकांवरून गणिताने काढलेला असतो. डच गणिती याकोबस व्हेरहूफ यांची ही १९६९ सालची रीत. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट पडले, तर ती हमखास पकडते. शिवाय ब्राउझरमधली तपासणी कुणालाही बंद पाडता येते. म्हणून सर्व्हरवर ती पुन्हा करावीच लागते.

नावाचं तसं नाही. माणसाच्या नावाला साचा नसतो. तरीही कित्येक फॉर्म फक्त ए ते झेड एवढंच स्वीकारतात, आडनाव सक्तीचं करतात. ज्याला आडनावच नाही त्याने काय भरायचं? देवनागरी चालेल म्हणणारेही फसतात. संगणकातल्या लिपीचिन्हांचं मानक असलेल्या युनिकोडच्या हिशेबात 'जोशी'मधले ज आणि श ही अक्षरं, पण काना-मात्रा-वेलांटी अक्षरांत धरलेली नाहीत. त्यांचा वर्ग वेगळा. 'फक्त अक्षरं' असा नियम लिहिला की जोशीही नापास आणि कुलकर्णीही. 'क्षितिज'मध्ये आपल्याला तीन अक्षरं दिसतात, संगणक सात चिन्हं मोजतो. मग लांबीच्या मर्यादेतही आपलीच नावं आधी अडकतात.

पिनकोड देवनागरी अंकांत लिहिला तर जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेचा नेहमीचा अंक-नियम तो ओळखत नाही. ते अंक बदलून घेणं प्रोग्रामला अगदी सोपं आहे. ते न करता माणसाला परत पाठवणं मला अन्यायाचं वाटतं.

चूक दाखवायची तीही नीट. 'अवैध माहिती' या शब्दांतून काय कळणार? 'पिनकोडात ६ अंक हवेत, तुम्ही ५ लिहिलेत' असं त्याच रकान्यापाशी लिहावं. नुसता लाल रंग अंध व्यक्तीच्या उपयोगाचा नाही. आणि एका चुकीपायी भरलेला सगळा फॉर्म कोरा करू नये.

हे काम करणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे: फॉर्म लोकांपुढे ठेवण्याआधी आपल्या घरातल्या प्रत्येकाचं पूर्ण नाव देवनागरीत त्यात भरून पाहा. एकही नाव अडलं, तर नियम बदला.