निळसर ओठांचं बाळ

नवी मुंबईत खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयावर मोफत शस्त्रक्रिया होतात. अशा शस्त्रक्रियेची गरज पडणारा एक दोष पाहू. नवजात बाळाचे ओठ, जीभ निळसर असतील, तर कधी हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असते. १९७५ साली ब्राझीलच्या डॉ. जातेने यांनी त्या कापून योग्य जागी यशस्वीपणे जोडल्या. खरी कसोटी पुढेच! हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या बारीकशा धमन्या, भोवतीच्या चिमुकल्या चकतीसकट उचलून नव्या महाधमनीवर शिवायच्या, तेही केसाहून बारीक धाग्यानं. तोवर हृदय थांबवलेलं, रक्ताभिसरण यंत्रावर. सहसा पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच हे उरकावं लागतं. उशीर झाला, तर हृदयाचा डावा कप्पा दुबळा पडतो. नुसते हातपाय निळसर असणं मात्र पहिल्या दिवशी बहुधा नेहमीचंच.