युरिक ॲसिडचा आकडा कसा वाचावा
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आम्ही वैद्य नव्हेत. आयुष्यभर शाळेत अंकगणित शिकविले, एवढाच आमचा अधिकार. परंतु हल्ली रक्ततपासणीच्या कागदावर 'युरिक ॲसिड ७.४' असे दिसले की घरातला बांगडा बंद होतो आणि शेजाऱ्याची गोळी सुरू होते. म्हणून या आकड्याविषयी बोलणे अगत्याचे वाटते.

पेशींतील व अन्नातील प्युरीन नामक द्रव्याचे विघटन होऊन युरिक ॲसिड बनते. त्यातील बराचसा भाग मूत्रपिंडे बाहेर टाकतात. कागदावरील आकडा म्हणजे १०० मिलिलिटरमागे इतके मिलिग्रॅम. शिरोड्याच्या मिठागरात पाणी आटले की मीठ खाली बसते, हे आपण पाहतोच. तद्वत युरिक ॲसिड सुमारे ६.८ च्या वर गेले की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात जमू शकतात. पायाचा अंगठा शरीराच्या मानाने थंड, म्हणून बहुधा तोच प्रथम ठणकतो. यालाच गाऊट म्हणतात; आयुर्वेदातील वातरक्ताशी त्याचे पुष्कळ साम्य आहे.

'जमू शकतात' असे आम्ही म्हटले, जमतातच असे नव्हे. आकडा वाढलेल्यांपैकी बहुतेकांना गाऊट कधीच होत नाही, आणि दुखणे नसता केवळ आकड्यासाठी सहसा औषध देत नाहीत. उलट, अंगठा सुजून लाल झाला असता त्याच दिवशी केलेली तपासणी निर्दोषही येऊ शकते! ती दोनेक आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. सांध्यातील पाण्यात स्फटिक दिसणे हाच पक्का पुरावा.

आता मासळीविषयी. तारली, बांगडा व तिसऱ्यांत प्युरीन बरेच, हे खरे. बिअरने व गोड शीतपेयांनीही आकडा चढतो. परंतु बहुतांश युरिक ॲसिड शरीर स्वतःच निर्माण करते, त्यामुळे निव्वळ पथ्याने आकडा थोडाच उतरतो. डाळी-उसळी सोडण्याचे तर कारणच नाही.

रक्तदाबावरील लघवीच्या काही गोळ्यांनीही आकडा वाढतो. मात्र त्या परस्पर थांबवू नयेत. चालू असलेल्या सर्व गोळ्या आणि क्रिएटिनीनचा आकडा डॉक्टरांस दाखवावा. गाऊटसाठी ॲलोप्युरिनॉल दिल्यास आकडा ६ च्या खाली राखण्याचा हेतू असतो. तो उतरला म्हणून गोळी सोडल्यास पुन्हा चढतो. ती घेताना अंगावर पुरळ उठल्यास मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांस गाठावे. सुजलेल्या सांध्याबरोबर ताप असेल तर तो जंतुसंसर्गही असू शकतो. तेथे आकड्याची वाट न पाहता तडक रुग्णालयात न्यावे.